छाट

हजार विड्या म्हणजे चाळीस कट्टे,
कट्ट्यात पंचवीस.
हे गणित मला शाळेच्या आधी आलं,
अम्माच्या सुपाकडेला बसून, तेलुगूत.
मराठीत मोजायला नंतर शिकले,
कारण कारखान्यातला मुनीम मराठीत मोजायचा
आणि मराठीतच कमी मोजायचा.

त्या एप्रिलात पत्रे तापून वाजत होते.
ओल्या फडक्यातला पाला दुपारपर्यंत कडक,
कातरीखाली फाटायचा.
युनियनच्या ऑफिसात एकच पंखा,
त्याखाली लूमवाले आधीच येऊन बसलेले,
भुवयांवर कापसाचा भुरका, ओरडून बोलायची सवय.
रामस्वामी येमूल म्हणाला,
"बाराचे आठ तास करणारा पाहिजे!"
मागून यल्लव्वा गड्डम,
"आमच्या कामाला घड्याळच नाही.
आमचं कुठं लिहिणार?"
तासभर नुसता कल्ला.

मग गंगाराम तळभंडारे आत आला.
चपला बाहेर काढून आला, हे बायकांनी बघितलं.
बंद पडलेल्या गिरणीत तो बॉयलरवर होता,
भोंगा द्यायचं काम त्याचं.
आता लोकसभेला उभा,
हातात पत्रकं, घामानं शाई फुटलेली.

नरसम्मा कोंडानं त्याला भाषण करू दिलं नाही.
सूप पुढं सरकवलं.
"एक वळून दाखव."

आई वळायची, म्हणाला, बघितलंय मी.
पान घेतलं, तंबाखू जास्त भरली,
तोंड मुडपताना नख निसटलं.
मधे फुगलेली, टोकाला उघडी विडी.
नरसम्मानं ती उजेडात धरली,
मुनीम धरतो तशी,
आणि छाटात टाकली.

आधी कुणी हसलं नाही. मग तोच हसला.
"दिवसाला किती टाकतो तुमच्या?"
"पन्नास. कधी साठ."
"आणि टाकलेल्यांचं काय करतो?"
"विकतो की."
त्यानं पत्रकाच्या पाठीवर लिहून घेतलं.
वचन काही दिलं नाही.
नरसम्मानं कनवटीची वीसची नोट काढली,
"पावती दे. नुसतं घेऊ नको."

मग आम्ही गल्ल्या वाटून घेतल्या.
साखर पेठ, कन्ना चौक, घरकुलाच्या रांगा.
सकाळी पाला कापायचा, संध्याकाळी जिने चढायचे.
माझ्याच घरात टॉवेलांच्या घडीखाली
पाकीट निघालं. हजाराचं. दुसऱ्यांचं.
नवरा म्हणाला, "घ्यायचं. मत काय दिसतंय कुणाला?"
दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी त्यातूनच गॅस आणला.
हे युनियनमध्ये सांगितलं नाही. इथं सांगते.

केंद्रावरच्या बाईनं माझं बोट उलटंसुलटं केलं.
"रेषा कुठं गेल्या हो?"
रेशनच्या यंत्रालाही हेच कळत नाही,
दर महिन्याला ते मला ओळखत नाही.
पिवळ्या नखावर तिनं शाई ओढली.
बसली.
शाईला रेषा लागत नाहीत.

निकालाच्या दिवशी पोरं चौकात, एका मोबाईलभोवती.
मागं आहे. आता पुढं. परत मागं.
मी कारखान्याच्या रांगेत, टोपली कमरेवर.
माझ्यामागं यल्लव्वा, तिच्यामागं नरसम्मा.
मुनीमानं मूठभर बाजूला ढकलल्या,
"पंचावन्न छाट."

अठरा वर्षं मी हा आकडा ऐकून वहीत सही केली होती.

"परत मोजा की ओ," मी म्हणाले. "माझ्यासमोर."

तो बघत राहिला.
बाहेर पोरं एकदम ओरडली,
आनंदानं की कशानं, कळलं नाही,
आणि रांगेतून बघायला कुणी गेलं नाही.
त्यानं चष्मा पुसला.
एक विडी उचलली.

"एक," तो म्हणाला.

"ओकटी," मागून नरसम्मा.