कॉलरच्या डब्यातलं कात्रण

बाबांची मूठ मिटत नसे.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात;
आमची कायम उघडी,
म्हणून किंमत सगळ्या ट्रॉय गावाला ठाऊक:
हंगामाचे सातशे डॉलर,
त्यातून गणवेशाचे तीस वजा,
परगावच्या जेवणाखाणाचे रोज पन्नास सेंट वजा,
आणि एकदा वूस्टरला मॅनेजरला उलटून बोलले
त्याचे दहा.

उजव्या कोपऱ्यात उभं करत त्यांना,
जिथे दुपार तिरकी होऊन डोळ्यांत शिरते,
जिथे दोरीपलीकडे बग्ग्या थांबलेल्या
आणि घोडे मैदानातलंच गवत खात.
अख्ख्या सामन्याला एकच चेंडू.
सातव्या डावापर्यंत उकडलेल्या बटाट्यासारखा मऊ,
मातकट, संध्याकाळच्याच रंगाचा.
दिसायचा नाहीच गं, ते सांगत,
टोल्याचा आवाज ऐकायचा
आणि छातीत ज्या बाजूला धस्स होईल
तिकडे पळत सुटायचं.

नुसत्या हातांनी.
करंगळी प्रॉव्हिडन्सला मोडली,
अनामिका क्लीव्हलंडला.
आई म्हणे, ह्यांची बोटं जितकी गावं फिरली
तितकी मी नाही.
मधलं बोट त्यांनी स्वतःच ओढून सरळ केलं,
पुढच्या चेंडूसाठी वाकून उभे राहिले.
तेव्हा काहीजण हातमोजा घालू लागले होते,
कातडीच्याच रंगाचा, लांबून कळू नये असा,
चोरून दारू प्यावी तसा.
बाबांनी घातला नाही.
धीट होते म्हणून नव्हे. लाजाळू होते.

आई लॉन्ड्रीत कॉलरना खळ लावायची,
तिची बोटं वाफेनं उकललेली, गुलाबी,
त्यांची झाडाच्या मुळ्यांसारखी.
रविवारी चर्चच्या बाकावर चारही हात शेजारी शेजारी.
मी प्रार्थना सोडून तेच बघत बसे.

चार हंगाम.
पाचव्या वर्षी पत्र आलं नाही.
एप्रिल उलटला, मे उलटला,
मग एका सोमवारी ते
नदीकाठच्या बर्फाच्या वखारीत कामाला गेले,
आणि एकतीस वर्षं तिथेच.

माझ्या ओवेननं त्यांना आपला नवा मोजा दाखवला,
केवढा थोरला, तेल पाजलेला.
आजोबांची बोटं आत शिरेनात.
हा तर पलंग आहे रे, म्हणाले,
चेंडू ह्यात झोपी जाईल.

मार्चमध्ये गेले.
मिस्टर डूलननी जपमाळ गुंफायला
बोटांत बोटं घालून पाहिली, दोनदा.
राहू द्या, मी म्हटलं.

आईच्या कॉलरच्या डब्यात एकच कात्रण होतं:
आठव्या डावात मॉर्टिमर हॅनिफीच्या हातून
सोपा झेल सुटला.
इतके झेल घेतले त्यांनी, आणि तू हे जपलंस?
विचारलं होतं मी तिला, ती असताना.
घडी सरळ करत ती म्हणाली,
बाकी सगळीकडे हॅनफी, हेनेसी,
एकदा तर नुसतंच हॅ.
इथे बघ.
नावाचं एक अक्षर सुटलेलं नाही.