इतिवृत्तात न लिहिलेलं

डंडीत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
टे नदीवरचा वारा तिसऱ्या मजल्याच्या काचेवर
उसने पैसे मागायला आल्यासारखा टकटक करतो
आणि मी लिहिते:
उपस्थित सात. बिस्किटं कुणी आणली नाहीत.

बिस्किटांचं खोडते.

तुरुंगाकडून पिटकीथली, कोट न काढता बसलेले.
इस्पितळाची ओलामिदे, रात्रपाळीनंतर डुलकी काढून तशीच आलेली.
घरवाटपाची मॉर्व्हन.
भत्ता कार्यालयाचा एक तरुण,
दर महिन्याला वेगळा, टाय मात्र तोच वाटतो.

यादीत अकरावं नाव: टॉर्मोड स्पॉल्डिंग.
सुटका शुक्रवारी.

प्रत्येकाकडे त्याची फाईल.
तुरुंगाच्या फाईलीत त्याचा क्रमांक, बुटाचं माप.
इस्पितळाच्या फाईलीत फुप्फुसावरचा डाग, तीन हिवाळ्यांचा.
भत्त्याच्या फाईलीत: भेटीस गैरहजर. भेटीस गैरहजर.
(तेव्हा तो इस्पितळात होता. पण ते त्या फाईलीत.)
घरवाटपाच्या फाईलीत: पत्ता नसल्याने पत्र परत.

एक ना धड, भाराभर चिंध्या.

नऊ वर्षं हा खेळ पाहतेय.
हे म्हणतात तिकडे जा, ते म्हणतात इकडे,
आणि टोलवता टोलवता माणूस सीमेपार गेला
की प्रत्येक जण शपथेवर सांगतो,
माझ्या बाजूनं नव्हे.

पिटकीथली टेबलाकडे बघत म्हणाले,
"शुक्रवारी दोनला आम्ही दार उघडतो.
बसनं इथं यायला चार वाजतात. चारला तुमची खिडकी बंद."
मॉर्व्हन म्हणाली, "चारला नाही. साडेतीनला."

कुणी हसलं नाही.
दोन घड्याळं शेजारी ठेवून
आजवर कुणी पाहिलीच नव्हती.

पुढचं लिहायला माझ्याकडे रकाना नाही.
ओलामिदेनं आपली फाईल उलटी फिरवून
टेबलाच्या मधोमध सरकवली. "वाचा."
सगळ्यांनी संमतीपत्र शोधलं.
होतं. टॉर्मोडची सही, पावसात भिजल्यासारखी वाकडी.
मग पिटकीथलींची फाईल सरकली. मग मॉर्व्हनची.
तरुण फोन घेऊन बाहेर गेला. मला वाटलं, सटकला.
परत येऊन म्हणाला, "बुधवारी सोडता येतं,
दोन दिवस आधी. कलम आहे."
"आहे," पिटकीथली म्हणाले,
"कुणी मागितलं नव्हतं."

हिलटाउनच्या उंच इमारतीत एक खोली निघाली.
पलंग आहे. पडदा नाही. विजेच्या मीटरमध्ये शून्य.
मीटर कुणी भरायचा यावर वीस मिनिटं गेली:
बारा पौंड, सात खाती.
घर पाहावं बांधून म्हणणाऱ्यानं
एकदा मीटर भरूनही पाहावा.
शेवटी कुणी भरला ते इतिवृत्तात नाही.
मला माहीत आहे, एवढंच.

बुधवारी पिटकीथली स्वतः गाडी घेऊन फाटकाशी गेले.
ते त्यांचं काम नव्हतं. वाटेत
दोघंही फुटबॉलखेरीज काही बोलले नाहीत.
पहिल्या तीन रात्री टॉर्मोड पलंगावर झोपला नाही;
दाराला पाठ लावून बसून राहिला,
बूट पायात.
चौथ्या रात्रीचं कुणी विचारलं नाही, तेही बरंच.

पुढच्या बैठकीत बारावं नाव अकरावं झालं
आणि खाली तीन नवी आली.
चिंध्यांची गोधडी झाली म्हणणार नाही मी.
एक टाका पडला. तोही उसवू शकतो.

पण जानेवारीत एकदा दुपारी फोन वाजला.
"इथं एक पत्र आलंय," खोकत कुणीतरी म्हणालं,
"वर माझं नाव आहे. खाली घराचा नंबर.
दोन्ही बरोबर आहेत."

मग बराच वेळ नुसता श्वास, आणि मागे त्याची किटली.

"उघडू ना?"