पानाच्या मागची बाजू

निमजे भाऊजी गच्चीवर आले ते बाटली घेऊनच.
सरबताची जुनी बाटली, आत दुधाळ काहीतरी,
बूच नाही, चिंधीचा बोळा कोंबलेला.
"साळ्याच्या इथं कपाशीवरचं उरलं होतं, सिस्टर.
दोन थेंब टाका बादलीत,
किडा तं सोडाच, किड्याचं नावबी राह्यत नाही बापा!"

नंदनवनातली माझी गच्ची, रंगाचे सहा रिकामे डबे,
त्यांत भिवापुरी मिरची.
बी दिलं होतं वॉर्डातल्या हेमलता खोब्रागडेनं
माझ्या रिटायरमेंटला, कागदाच्या पुडीत.
शाल अजून घडीतच आहे.

दिवाळी सरली, आभाळ चार दिवस नुसतंच भरून राहिलं
आणि शेंड्याची पानं वळायला लागली,
होडीसारखी. नाही,
तापातल्या लेकराच्या मुठीसारखी.
बोटाला चिकट लागलं.
बुंध्यावरून मुंग्या चढत होत्या, रांगेनं, बिनघोर,
धारा काढायला निघालेल्या गवळ्यांसारख्या.

मी पान उलटलं.
मागे मावा. हिरवट, पोटभरू,
खांद्याला खांदा लावून बसलेला.
एकतीस वर्षं मेडिकलला काढली, एवढं कळतं :
दुखणं पुढून दिसत नाही,
पेशंटला कुशीवर वळवावं लागतं.

"लेबल कुठंय?" मी विचारलं.
"लेबल कशाले पाहिजे? मी सांगतो ना."

सात नंबरचा वॉर्ड आठवला.
टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या,
तोंडाला फेस,
आणि कॉटच्या पायथ्याशी कोणीतरी एकच वाक्य घोकतंय,
सरबताचीच बाटली होती हो, सरबताचीच.
हे मी भाऊजींना सांगितलं नाही.
हातमोजे चढवले, बाटली घेतली,
तिला घट्ट बुचाच्या बरणीत उभी केली,
वर कागद चिकटवून लिहिलं : विष.
शेजारी कवटी काढली.
माझी कवटी जरा हसरीच आली.

मग ऊन उतरल्यावर
लिटरभर पाण्यात चहाचा चमचाभर निंबोळीचं तेल,
साबणाचे चार थेंब, आणि आधी
एकाच पानावर फवारा. टेस्ट डोस.
पान दुसऱ्या दिवशीही हिरवंच, तेव्हा बाकीच्यांना,
सगळ्यांना खालून. वरून शिंपडणं
म्हणजे भिंतीला गोळी देणं.
पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल फासून टांगलं,
पांढऱ्या माशा त्यावर येऊन बसल्या
आणि बसूनच राहिल्या.

पाचव्या डब्यातलं झाड मात्र गेलं.
चुरडा-मुरडा. त्याला औषध नाही.
उपटलं, पिशवीत घालून गाठ मारली,
आणि दिवसभर उगाच
त्या डब्याकडे पाठ करून बसले.

सातव्या-आठव्या दिवशी एक भयंकर प्राणी दिसला :
काळा, काटेरी, पाठीवर केशरी ठिपके,
नखाच्या पेरभर. चिमटीत धरलाच होता,
अंगठा दाबायचा तेवढा बाकी.
मग बघितलं, त्याच्या तोंडात मावा.
चावत होता, शांतपणे, जेवणाच्या सुट्टीत बसलेल्या माणसासारखा.
ढालकिड्याचं पोर!
चिमटी सोडली. फवाऱ्याची बाटली
त्या दिवसापासून मोरीत पालथी आहे.

मिरच्या लागल्या एकोणतीस. चारांना भोकं.
ज्याचं त्यानं खाल्लं.
भाऊजी आले तेव्हा मूठभर दिल्या, धुऊन घ्या म्हटलं.
ते इकडेतिकडे बघत होते.
"बाटली?"
"कपाटात, वरच्या खणात. किल्ली माझ्याकडे.
तालुक्याच्या कृषीवाल्यांना फोन केलाय, कुठं द्यायची ते विचारायला.
नालीत नाही जाणार."
ते काही बोलले नाहीत. चष्मा कपाळावर सारला,
गुडघ्यांवर हात ठेवून वाकले,
आणि न सांगता, दोन बोटांनी,
पान उलटलं.

"हे तं मगर दिसते बापा," ते हळूच म्हणाले,
"एवढुशी."