नळाचा वार

जुन्या जालन्यात, आमच्या गल्लीत
आठवडा रविवारी संपत नाही.
तो संपतो नळाला पाणी आलं की.
कधी आठव्या दिवशी, कधी अकराव्या,
घाणेवाडीत किती उरलंय त्यावर,
आणि बहुतेक रात्री अडीचला.
शमीमआपा मधल्या भिंतीवर वाटी वाजवते,
दोनदा.
तिसऱ्यांदा वाजवायची वेळ
पंधरा वर्षांत मी येऊ दिलेली नाही.

मग मोटार, मग पाईप, मग टाकीचं झाकण.
हे पाईप धरून उभे, डोळे मिटलेले,
आणि मी ढिगापुढं.

सहा माणसांचा ढीग.
शालनवन्संचा दवाखान्यातला पांढरा कोट,
खिशात कुणाच्या तरी सलाईनचं टोपण.
सिद्धेशची पँट, खिशात बोराच्या बिया,
गुडघ्यावर अख्खं मैदान.
ऋतुजाच्या बाहीच्या आतल्या बाजूला
बारीक अक्षरात सतराचा पाढा.
तो मी घासून काढला, आणि
तिला काही बोलले नाही. सतराचा मलाही येत नाही.
ह्यांचे रोलिंग मिलमधले दोन शर्ट,
ठिणग्यांनी भोकं पाडलेले.
पहिल्या वर्षी मी ती मोजायचे.

पाणी तेच, पण त्याची उतरंड ठरलेली.
आधी पांढरं, मग शाळेचं,
मग रंग जाणारं, शेवटी लोखंडाची काळी.
टबातून टबात, दाट होत होत,
तेच पुढं पायपुसण्याला, मग मोरीला,
आणि उरलं तर कढीपत्त्याच्या बुडाशी.
कढीपत्त्याला साबण चालत नाही म्हणतात.
आमच्याला कोणी विचारलेलं नाही.

मागच्या खेपेनंतर पाचव्या दिवशी
कुरडया वाळत घालायला गच्चीवर गेले
तर टाकीच्या मागं, कुणाला दिसणार नाही असं,
तारेवर धोतर.
ओलं.
तीन चिमटे, सारख्या अंतरावर.

जिनिंगच्या काट्यावर चाळीस वर्षं
दुसऱ्यांचा कापूस तोलला तात्यांनी,
घरात कधी स्वतःचं ताट उचललं नाही.
एकवीस पायऱ्या, आणि ते गुडघे.
धोतराला वास चंदनाच्या वडीचा.
कपड्यांचा सोडा कुठं असतो
हे त्यांना माहीत नव्हतं.

आदल्या सकाळी मोरीतली बादली रिकामी सापडली
म्हणून मी सिद्धेशला रागावले होते.
तो म्हणत होता, मी नाही, आई, मी नाही.

मी कुरडया घातल्या आणि खाली आले.
रात्री सिद्धेशला तुपाची वाटी जास्त दिली,
त्यानं कारण विचारलं नाही.
तात्यांच्या खोलीशी, दाराच्या आडोशाला
एक झाकणाची बादली ठेवली, भरून,
वर प्लॅस्टिकच्या डबीत सोडा.
घरात सांगितलं, ही झाडाची बादली,
कोणी हात लावायचा नाही.

तात्यांनी पेपर खाली न घेता विचारलं,
‘बादली इथं कामून ठिवली गं?’
‘मोरीत जागा नाही, तात्या.’
पेपरचं पान उलटलं.
‘बरं.’

गच्चीच्या पायऱ्यांवर मग
रात्री पावलं वाजली का, मी ऐकलं नाही.
झोप लागत होती असं म्हणू.

काल वाटी वाजली.
ढीग उपसायला घेतला तर
सगळ्यात वर धोतर होतं,
एकदा धुऊन वाळलेलं, चार घड्या घातलेलं,
इस्त्रीला द्यायचं असावं तसं.
मी ते उलगडलं,
वन्संच्या कोटाबरोबर पहिल्या पाण्यात टाकलं.
खोलीतला दिवा लागला, आणि विझला.

पाणी कालचं कमीच होतं.
शाळेचे कपडे निघाले, साड्या निघाल्या,
आणि नळानं दोनदा खाकरून नुसती हवा सोडली.
काळे शर्ट कोरडेच राहिले.
हे म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे, तसेच घालतो.
लोखंडाला कुठं कळतंय.’