अर्धी गाठ

बुद्धपौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी
सेमिनरी हिल्सच्या कचेरीत,
कूलरचा वाळा कोरडा पडून खडखडत असताना
मी फॉर्म एक्केचाळीस उघडला.
ठिकाण : जलाशय, बेट टी-तीन.
प्रगणक : सोनबती परतेती, झिबल इनवाते, डोंगा.

डोंगा प्रगणक कसा, मी विचारलं.
बाई खुर्ची सोडून फरशीवर बसलेल्या,
रामटेकच्या एसटीची धूळ अजून पायांवर.
"रातभर चूप रायला ना तो. लिवा."

मी लिहिलं नाही.

मग त्यांनी पिशवीतून दोरी काढली.
पळसाच्या मुळाचा वाक, हातभर लांब.
मोठी गाठ रानगवा.
जुळी गाठ, पिलासकट चितळ.
पुढं चार बोटं मोकळी जागा :
"इथं झिबलले झपकी लागली."
आणि मग एक गाठ, ओढून न घेतलेली,
फुंकर मारली तर सुटेल अशी.
"सांबर. ओरडलं. दिसलं नाई."

संगणकाला एक चालतो, शून्य चालतं.
मी शून्य टाकलं.
"जी, पायलं अन् दिसलं नाई,
अन् पायलंच नाई,
दोघायले एकच भोपळा?"
साहेब जेवायला गेले होते.

टी-तीनला त्या टी-तीन म्हणत नाहीत.
धरण भरलं तेव्हा त्या सात वर्षांच्या.
गाव खाली गेलं,
डोंगरीचं डोकं तेवढं वर राहिलं.
अस्वलडोंगरी.
आता अस्वल नाही तिथं,
पोहायचा कंटाळा त्याले, म्हणून हसल्या.
वारुळं मात्र दरसाल बघून येतात, एकूण एक.
ज्या साली एखादं फोडलेलं दिसेल
त्या साली कळेलच.

पाणमांजराची लेंडी त्यांनी पुडीत बांधून आणलेली.
कचेरीभर मासळीचा वास;
लेखा विभागातल्या देशकरबाई
नाकाला पदर लावून उठून गेल्या.
सोनबतीबाईंनी नखानं एक खवला उचलला,
खिडकीच्या उजेडात धरला.
"मरळ हाय. मरळ काठाले, गवतात रायते.
इतक्या जवळचीच खाते, म्हंजे लांब जात नाई.
पिलं असतीन."

रकाना नऊ : पुरावा जोडा.
दोरी ठेवून जा, म्हटलं, फाइलला लावतो.
"वा रे वा!" त्यांनी ती मनगटाला गुंडाळली,
"पुढच्या सालच्या गाठी कायले जोडू मंग?"

पाचच्या गाडीसाठी त्या गेल्या.
मी शून्य खोडलं. लाल चौकट आली.
पुन्हा शून्य टाकलं.
मग वर जाऊन प्रगणक दोनचे तीन केले.
तिसऱ्याचं लिंग विचारलं, पुरुष लिहिलं.
वय विचारलं, अंदाजे बारा.
शिक्षण विचारलं,
तिथं बराच वेळ थांबलो.

रात्री गच्चीवर, दोनदा पाणी मारूनही
फरशी तव्यासारखी.
डोक्यावरून टिटवी ओरडत गेली.
अंबाझरीकडून आली
की अंबाझरीकडे गेली,
उठून बसेपर्यंत आभाळ रिकामं.

हाताशी मच्छरदाणीची दोरी होती.