तिरका छेद

उद्यमबागेतल्या भट्ट्या अजून पेटायच्या होत्या
तेव्हा सांब्रेकर मास्तरांची गाडी
गल्लीच्या तोंडापासूनच बोंबलत आली.
बंद टपरीखालची कुत्री उठून बाजूला झाली.

“रात्री गप होती की रे,” मास्तर म्हणाले,
“सकाळी चावी फिरवली तर ट्रॅक्टर!”

जॅक लावला, पाठीवर आत सरकलो.
इंजिन जागेवर. मागचा सायलेन्सर जागेवर.
मधला वीतभर डबा नाही.
पायपांची दोन तोंडं
एकमेकांकडं आ वासून.

भरमाण्णा त्याला पोळं म्हणायचा.
बावीस वर्षं फौंड्रीत लोखंड ओतून
मग ह्या शेडमध्ये आलेला माणूस.
एकदा जुना डबा फोडून माझ्या हातात दिला,
“धर उजेडाकडं.”
भाजलेली माती, तिच्यात हजारभर चौकोनी भोकं,
प्रत्येक भोकात चिमूटभर आभाळ.

“मध नाही ह्यात. प्लॅटिनम हाय, पॅलेडियम हाय,
आणि रोडियम म्हणून एक हाय, सोन्यापेक्षा माजलेलं.
नथीलासुद्धा पुरायचं नाही एवढंसं.
पण इंजिनातलं विष इकडनं शिरतंय
आणि तिकडनं बघ, पाण्याची वाफ निघालीय.
ते मात्र होतं तसंच राहतंय.
गार असलं की काही करत नाही,
आधी तापायला लागतंय त्याला.
सकाळी गाडी चालू झाल्याबरोबर
मागं उभा राहू नको, पोरा.”
मग खोकला. बराच वेळ.
“माझ्यात बसवायचं कंपनी विसरली,” म्हणाला,
आणि हसताना परत खोकला.

कापल्या कडेवरनं मी बोट फिरवलं.
डावीकडं किंचित उतरता छेद,
शेवटचा दोरा न कापता मोडून काढलेला.
पातं कलतं धरलं की अडकत नाही,
हे मी एकालाच शिकवलंय.

“कुणाचं काम असंल?” मास्तरांनी विचारलं.
“भंगारवाले फिरतात रात्रीचे,” मी म्हणालो.
नव्याची किंमत सांगितली. पेन्शनीचे महिने
त्यांनी बोटांवर मोजले, मध्येच मूठ मिटली.
“नुसता पाईप जोड. आवाज गेला म्हणजे झालं.”

जोडला. ठिणग्या उडाल्या, विझल्या.
गाडी गप झाली.
मास्तर वाकून मागं बघालेत:
“धूर तर काहीच नाही! काय फरक पडला?”
माझे डोळे चुरचुरले.
गाडीमागचं ते तोंड
बरोबर बालवाडीतल्या पोरांच्या नाकाच्या उंचीला असतं.
हे मी बोललो नाही.
वेल्डिंगचे पैसे घेतले.

दहा वाजता सोमनिंग आला,
हातात कुंद्याचा डबा.
“काय रे, कशाचा?”
“बहिणीची फी भरली, मामा. नर्सिंगला गेली ती.”
माझ्याकडं न बघता
पिशवीतनं करवत काढून
त्यानं खिळ्याला लावली.
पातं नवं होतं.

तिच्याकडं बघत
मी कुंद्यात बोट घातलं.
अजून कोमट होता.
भरमाण्णाचं पोळं सगळं जाऊ देतं
आणि होतं तसं राहतं.
माझ्यात अडकतंय काहीतरी,
डावीकडं, जरा उतरतं.

“गोड झालाय का?” सोमनिंगनं विचारलं.
बाहेर पहिली भट्टी पेटल्याचा वास आला.
“हां,” म्हणालो,
आणि परत खाल्ला.