दुपारी दोन, प्रवेश विनामूल्य

दाराच्या पितळी मुठीला मी टॉवेल गुंडाळतो.
जून ते सप्टेंबर हे माझं पहिलं काम.
नाहीतर तळहातावर फोड घेऊन
माणसं सोनाटा ऐकायला बसतील.

भर उन्हाळ्यात, दुपारी दोनला,
फीनिक्समध्ये वाजवणं ऐकायला कोण येतं?
ज्यांच्या घरातला एसी बंद पडलाय ते येतात.
ज्यांना घरच नाही ते येतात.
डेल्बर्ट तिसऱ्या रांगेत, खांबाआड,
बूट काढून, तळवे फरशीला टेकवून.
दुसऱ्या सुरालाच झोपतो,
घोरत नाही, एवढं त्याचं सौजन्य.
ओफेलिया ब्राकामोन्ते दोन बस बदलून येते,
पर्समध्ये स्वेटर.
बाहेर पारा एकशे चौदा
आणि ही बाई स्वेटर घेऊन निघते!
थांब्यावर लोक बघतात.
म्हणते, बघू देत,
वर्षातनं एवढीच तर माझी थंडी.

वाजवणाऱ्यांना सगळं ठाऊक आहे.
चेलोवाली इंग्रिड म्हणते,
पारा उतरला की माझे श्रोतेही उतरतात.
तिची खरी तक्रार वेगळी :
हवा इतकी सुकी, की खुंट्या सुटतात, लाकूड चिरतं.
चेलोच्या पेटीत ती ओला स्पंज ठेवते,
तान्ह्याच्या उशाशी ठेवावं पाणी, तसा.

जुलैतली एक दुपार.
तिचं वाजवणं निम्म्यावर आलं होतं
आणि वीज गेली.

दिवे गेल्याचं फारसं काही नाही.
आवाज गेला.
छतातून अखंड येणारी ती घरघर,
इतकी वर्षं मी तिलाच शांतता समजत होतो.
ती थांबली, आणि चेलो एकदम उघडा पडला.
गजाचा केस न् केस ऐकू यायला लागला,
इंग्रिडचा श्वास,
बोट सरकताना तारेची बारीक कुरकुर.
तिलाही बहुतेक तेव्हाच कळलं
की आजवर ती छताशी सूर जुळवत आली.
खालचा सा कुणी काढून घेतला होता.
क्षणभर चाचपडली,
अंधाऱ्या जिन्यात एक पायरी कमी निघावी तशी.
मग वाजवत राहिली.

कुणी उठलं नाही. उठून जाणार कुठे?
उकाडा वरून उतरला, आधी सज्जात,
मग आमच्या डोक्यांवर, मानेत, पाठीवर.
ओफेलियानं स्वेटर काढला,
घडी घातली, मांडीवर ठेवला,
आणि वर हात, मांजर बसल्यासारखा.
डेल्बर्ट जागा झाला.
उकाड्यानं की चेलोनं, मला विचारू नका.
चोच वासलेल्या पाखरासारखा
तोंड किंचित उघडं ठेवून बसला.
हळूच मला म्हणाला, "ही रोज वाजवते?"
"दर बुधवारी. सहा वर्षं झाली."
"अस्सं."

वीज आली तेव्हा सूर हवेतच होता.
छत खाकरलं, गार झोत आला,
आणि सगळं सभागृह उभं राहून
टाळ्यांनी असं काही कोसळलं
की इंग्रिड गज तारेवर टेकवून नुसती बघतच राहिली.
मग उठली,
आणि वरच्या जाळीकडे तोंड करून
कमरेत लवून नमस्कार केला.
त्यावर पुन्हा टाळ्या. या मात्र तिला.

पुढच्या बुधवारी डेल्बर्ट खांबाआडच होता.
बूट काढले, तळवे टेकवले.
झोपला.
पण दुसऱ्या सुराला नाही.
मी मोजत होतो : अकरापर्यंत
त्याचे डोळे उघडे होते.